एकोणिसाव्या रेषेखालचं घर

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक साधा प्रश्न विचारलात आणि मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. तुमच्यापैकी मोठी म्हणाली, "आजी, मी आजोबांचं गाव मॅपवर शोधलं. तिथे नुसता रनवे आहे." तुमची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, तिथेच होतं ते." मग धाकटा उड्या मारत म्हणाला, "म्हणजे डिसेंबरमध्ये आपण आजोबांच्या घरावर लँड होणार? अगदी घरावर?"

मला अंदाजाने उत्तर द्यायची सवय नाही. आयुष्यभर मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशे आणि अ‍ॅटलास सांभाळले. त्या खोलीचा शिरस्ता असा होता की विचारणाऱ्याला तोंडाने जागा सांगायची नाही, कागद काढून त्याच्यापुढे ठेवायचा. म्हणून मी नंतर म्हटलं. उत्तर लांब झालं आहे. अडेल तिथे आईला विचारा.

आमची नकाशांची खोली ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला होती. खिडक्या सगळ्या उत्तरेच्या, कारण ऊन लागलं की नकाशातली निळी शाई आधी उडते आणि नद्या पांढऱ्या पडतात. भिंतीलगत रुंद, उथळ ड्रॉवरची लोखंडी कपाटं होती. नकाशा गुंडाळून ठेवत नाहीत, घडी तर कधीच घालत नाहीत. तो सपाट निजवतात. जुन्या नकाशांना मागून मलमल चिकटवलेली असे. ड्रॉवर ओढला की गोंदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास येई. मोठा नकाशा उचलायला नेहमी दोन माणसं लागत, एकेका टोकाला एकेक, आणि दोघांनी एकाच वेगाने चालायचं. मधल्या टेबलावर तो ठेवला की कोपऱ्यांवर वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या. शाईचं पेन त्या खोलीत आणायला मनाई होती.

दुसऱ्या भिंतीला अ‍ॅटलास होते. काही इतके मोठे की पान उलटताना उभं राहावं लागे. अ‍ॅटलास मागायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कोणी ना कोणी लांब गेलेलं असायचं. एक बाई दर महिन्याला येऊन आखाताचं पान उघडून बसत. नवरा तिथल्या बंदरात कामाला होता. त्या काही लिहून घेत नसत, नुसत्या बघत आणि निघताना "बरंय" म्हणत. तेव्हा मला वाटे, एवढंसं पान, त्यात एवढा वेळ बघायला असतं तरी काय? आता तुमच्या आईचा शाळेतला अ‍ॅटलास माझ्या उशाशी असतो. मेलबर्नचं पान आपोआप उघडतं, इतका तो तिथे मोडला आहे.

पण अ‍ॅटलासमध्ये गाव सापडत नाही. त्यात पनवेल असलंच तर मोहरीएवढं. गाव बघायचं तर मोठ्या मापाची शीट लागते, जिच्यात विहीरसुद्धा निळ्या ठिपक्याने दाखवलेली असते. या शीट कशा करतात, तर ताटात थापलेल्या सारणाच्या वड्या पाडाव्यात तशा. अक्षांश-रेखांशांवरून सुरी फिरते आणि अख्ख्या देशाच्या चौकोनी वड्या पडतात. सुरी कोणाच्या दारातून जाते ते कोणी बघत नाही. उत्तरेचं एकोणिसावं अक्षवृत्त पनवेलच्या अगदी जवळून जातं, आणि ते तुमच्या आजोबांच्या गावाच्या मधून जात होतं. गावाचं देऊळ, शाळा आणि पनवेलहून येणारी सडक वरच्या शीटवर. घरं, खाडीचा धक्का आणि खारजमीन खालच्या शीटवर. त्यात क्रमांकांची पद्धत अशी की या दोन शीट वेगवेगळ्या मालिकेत पडत. जमिनीवर एकमेकींना चिकटलेल्या, पण आमच्या कपाटात निरनिराळ्या ड्रॉवरमध्ये.

आमचे दोन नियम होते. वाचकाला एका वेळी एकच शीट द्यायची. ती परत जागेवर गेल्याशिवाय दुसरी काढायची नाही. आणि किनाऱ्यालगतच्या मोठ्या मापाच्या शीट परवानगीच्या पत्राशिवाय दाखवायच्या नाहीत. हा दुसरा नियम सरकारचा होता, त्या काळी तो सगळीकडेच होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून.

मी नोकरीला नवी होते तेव्हा भूगोलाचा एक विद्यार्थी आला. उंच, सावळा, पँटच्या कडांना वाळलेला चिखल. त्याने शीटचा क्रमांक सांगितला.

"ही मिळणार नाही," मी म्हटलं. "किनाऱ्याची आहे. परवानगी लागेल."

"सातपुड्याची मिळेल?"

"मिळेल."

"आफ्रिकेची?"

"हवी ती."

"आणि माझ्या गावाची नाही."

"नाही."

"अहो, मी रोज तिथे झोपतो."

"झोपायला परवानगी लागत नाही," मी म्हटलं. "नकाशा बघायला लागते."

"मग माझ्याच गावाची परवानगी मी आणू कोणाकडून?"

कोणत्या कार्यालयात, कोणाच्या सहीने, ते मी नीट समजावून सांगितलं. तो गेला. अशी माणसं सहसा परत येत नसत. तो आला, पावसाळा संपल्यावर, आणि पत्र माझ्यासमोर असं ठेवलं जसं काही लग्नपत्रिकाच. मी शीट काढली, दुसऱ्या टोकाला त्यालाच धरायला लावलं, टेबलावर मांडली. नकाशाला बोट लावायचं नसतं, म्हणून आम्ही बांबूची बिनटोकाची काडी देत असू. त्याने काडी पनवेलच्या तळ्यापाशी ठेवली आणि सडकेने निघाला. ओढा ओलांडला, शाळा लागली, देऊळ लागलं. देवळाच्या मागून घरांकडे उतरणाऱ्या पायवाटेवर तो जेमतेम आला आणि काडी चौकटीच्या काळ्या रेषेला अडकली. पुढे कोरा समास.

"घर?"

"खालच्या शीटवर असेल."

"मग ती द्या."

मी पत्र पुन्हा वाचलं. "परवानगी एकाच शीटची आहे."

तो इतक्या मोठ्याने हसला की वाचनालयातून कोणीतरी दाराशी बघायला आलं. "म्हणजे आमचं देऊळ उघड, आणि आई जिथे भाकऱ्या थापते ते मात्र गुपित!"

ते तुमचे आजोबा. पुढे आयुष्यभर आल्यागेल्याला ते हीच गोष्ट सांगत. "हिने मला देवळापर्यंत येऊ दिलं, घरात नाही. शेवटी मीच हिला घरात आणली."

माझं माहेर पनवेल शहरातलं. वडील इंग्रजी शिकवायचे, घरात वर्तमानपत्रही इंग्रजी. त्यामुळे गाव जवळ असूनही माझ्यासाठी ते परदेशच होतं. मी सडकेने नवरी म्हणून आले, देवळापाशी उतरले आणि चौकटीची ती काळी रेषा जिथे असायला हवी तिथून पायी खाली गेले. मनात म्हटलं, आता ही खालची शीट सुरू. खालच्या शीटवर भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांब बांध होता आणि त्या बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार. त्याला उघाडी म्हणत. भरती-ओहोटी बघून घरातलं कोणीतरी ती उघडायला जाई. पहिल्या वर्षी मला दुपारच्या झोपेतसुद्धा पाण्याचा आवाज कुठल्या बाजूने येतो ते कळत नसे. मग कळायला लागलं. ओहोटीला चिखलात निवट्या मासे उड्या मारत. सासूबाई खाडीतल्या जिताड्याचं कालवण करत आणि पहिली वाटी मला देताना म्हणत, "खा गो, पुस्तकान नाय मिलायचा."

कामावर खालची शीट मी कितीदा तरी हाताळली. तीत घरं म्हणजे लाल बारीक चौकोन, एकाला एक लागून. आपलं कोणतं ते ओळखायचं तर देवळामागून उतरणारी पायवाट धरून यायला हवं, आणि ती पायवाट तर वरच्या शीटवर. दोन्ही शीट टेबलावर एकीला एक लावून मांडल्या की झालं. तुमच्या आजोबांची तेवढीच एक हौस होती.

"तू रिटायर व्हायच्या आधी एकदा मांडू या," ते म्हणायचे. "देवळापासून घरापर्यंत न थांबता जायचंय मला."

"संध्याकाळी बसने जाताच की."

"कागदावर गं."

मी म्हणे, बघू. घाई कसलीच नव्हती. कागद कपाटात होते, घर जागेवर होतं. किनाऱ्याच्या परवानग्यांचा जाच पुढे सैल झाला, पण तोवर आम्हीही सैल झालो होतो. तुमची आई शाळेत जायला लागली तेव्हा आम्ही पनवेलात या तळ्याजवळच्या इमारतीत राहायला आलो आणि गावी सणाला जाऊ लागलो. मी निवृत्त झाले. मग विमानतळाचं नक्की झालं. गावातल्या लोकांना नव्या वसाहतीत भूखंड मिळाले, गणपती आणि शिमगा तिकडे गेले. टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदी वळवली, खाडीकाठी मातीचा भराव उंच होत गेला. सुरुंगाचा आवाज आमच्या गॅलरीत येई. तुमचे आजोबा पेपर खाली ठेवत आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलत. शेवटच्या वर्षी ते फोनवर आकाशातून काढलेला नकाशा बघत बसत. बोटांनी मोठा करत, लहान करत. "देऊळ इथे असावं," म्हणत. "असावं" हा शब्द त्यांनी मला कधी वापरू दिला नव्हता.

तर धाकट्याचा प्रश्न ऐकला आणि मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाला फोन केला. ग्रंथालयाची इमारत दुरुस्तीला काढली आहे आणि नकाशे दुसरीकडे हलवत आहेत, असं कळलं. हल्लीच्या नव्या आवृत्तीच्या शीट कोणालाही मिळतात, पण त्यांत विमानतळ आहे. मला हवी होती ती जुनी आवृत्ती, मागून मलमल लावलेली. मी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि मऊ पेन्सिली घेतल्या आणि कळंबोलीवरून बस पकडली.

माझ्या जागेवर आता एक तरुण ग्रंथपाल आहे. चटपटीत मुलगी, केस आखूड. तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"मॅडम, तुमच्या हाताखालच्या सगळ्यांनी सांगून ठेवलंय, तुम्ही आलात की पेन लपवायचं."

"लपवलंस ना?"

"पर्समध्ये."

खोलीत अर्धी कपाटं उरली होती. भिंतीवर जिथे कपाटं होती तिथे रंगाचा वेगळा पट्टा दिसत होता. मी दोन्ही क्रमांक सांगितले. तिने वरच्या शीटचा ड्रॉवर लगेच ओढला. दुसऱ्याकडे तिचा हात गेलाच नाही.

"मॅडम, ती मालिका गेली. आम्ही ड्रॉवरप्रमाणे पाठवतोय. ती आधीच्या गाडीत होती."

"कुठे गेली?"

"गोदामात. तिथून स्कॅनिंगला. मग ऑनलाइन बघता येईल म्हणे."

"कधी?"

"तेही म्हणेच आहे, मॅडम."

मीच तर लावून दिलेली पद्धत होती ती, ड्रॉवर फोडायचा नाही, एका ड्रॉवरची शीट दुसऱ्यात मिसळायची नाही. पद्धत चोख पाळली गेली होती. त्या मुलीने आणि मी वरची शीट दोन टोकांना धरून टेबलावर आणली. मी तिच्यावर आधी स्वच्छ प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि काढायला बसले. हात पूर्वीसारखा स्थिर नाही, पण पेन्सिल मऊ असली की चालतं. पनवेलची तळी, सडक, ओढा. शाळा. देऊळ. देवळामागची पायवाट. मग काळी रेषा आली आणि त्या रेषेपाशी मी पेन्सिल उचलली. पायवाट तिथे संपत नाही हो, नकाशात ती कापलेली दिसते, सुरीने वडी कापावी तशी.

खाली हातभर कोरा कागद उरला.

"खालचं तुम्ही आठवणीने काढा ना," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही राहिलात की तिथे."

"आठवणीने चित्र काढतात, बाळ. नकाशा नाही."

पण बसमध्ये मला ते बोलणं पुरेना. गुंडाळी मांडीवर घेऊन मी विचार करत होते, माझ्या एकटीच्या आठवणीने नाही काढता येणार, पण दोघींची जुळली तर? जुळलेल्या दोन साक्षी म्हणजे काहीतरी. म्हणून परवा मी नव्या वसाहतीत माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे गेले. तुम्ही त्यांना ओळखता, फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ओरडतात त्या.

"आली का लायबरीवाली!" त्यांनी दारातूनच हाक दिली. "पानी घे. काय आनलास? कोनाचं लगीन ठरलं का काय?"

"लग्न नाही हो. आपलं घर काढायचंय कागदावर."

"घर? आता? मंग आधी काय करत व्हतीस?"

मी कागद ओट्यावर पसरला, कडांवर वाट्या ठेवल्या, देऊळ दाखवलं, रेषा दाखवली. म्हटलं, "इथून पायवाटेने खाली आलं की घर. दारात उभं राहिलं की गोठा डाव्या हाताला."

"उजव्या."

"डाव्या, जाऊबाई. मी रोज कामावरून यायचे, डावीकडे म्हैस हुंगायची."

"आनि मी रोज धक्क्यावरना मासली घेऊन याची. उजवीकडं हुंगायची. म्हशीला दोन बाजू व्हत्या का?"

असं बराच वेळ चाललं. त्यांच्या सुनेने चहा आणला, तोही निवला. शेवटी माझ्या लक्षात आलं. जाऊबाई उरणकडच्या. त्या लग्नात होडीने आल्या होत्या, खाडीच्या धक्क्यावर उतरून वर घराकडे. मी सडकेने, देवळाकडून खाली. घराला दोन दारं होती आणि आम्ही दोघी जन्मभर आपापल्या दाराने आत येत राहिलो. मी कागद त्यांच्याकडे उलटा फिरवला, तुमच्या शाळेत दक्षिण वर असलेला जगाचा नकाशा लावला आहे ना, तसा.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. "हा तुजा गोठा, हा माजा गोठा. येकच हाय."

मी पेन्सिल घेतली. "आणि विहीर? अंगणात, तुळशीच्या पलीकडे."

"विहीर अंगनात नव्हती गो. वाटंवर व्हती."

"अंगणातच होती. मी पाणी भरलंय."

"मंग तुजा अंगन लय मोठा व्हता."

आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी डोळे मिटले, हाताने हवेत धक्का, उघाडी, बांध असं काहीतरी चाचपलं. डोळे उघडले तेव्हा त्या कागदाकडे बघत नव्हत्या. माझ्या हातातली पेन्सिल त्यांनी काढून घेतली आणि वाटीत ठेवली.

"नको काढू. चुकलं तं आपला घर दुसऱ्याच्या दारान जायाचा. त्यावरना किती भांडनं झालीत आपल्याकडं, ठावं हाय ना?"

मला ठाऊक होतं. हातभर बांधावरून भाऊ भाऊ बोलेनासे झालेले मी त्या गावात पाहिले आहेत. मी गुंडाळी केली.

तेव्हा धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. कागद दाखवून मी एवढंच सांगू शकते की देवळाची जागा रेषेच्या वर आणि घर रेषेच्या खाली. तुमचं विमान घरावर उतरेल, शेतावर उतरेल की बांधाच्या बाहेर जिथे निवट्या उड्या मारायच्या तिथे, हे मला सांगता येत नाही. तो ट्रेसिंग पेपर मी तुमच्या खोलीतल्या टेबलावर सपाट ठेवला आहे, कोपऱ्यांवर डाळीच्या पिशव्या. खालचा भाग कोरा आहे. त्यावर काही काढू नका, पेनने तर नाहीच. ती शीट गोदामातून बाहेर आली की आपण दोन टोकांना धरून एकीला एक लावू. तुमच्या आजोबांना न थांबता देवळापासून घरापर्यंत जायचं होतं.

तोवर एक करा. मेलबर्नहून दिल्लीमार्गे येणारं तुमचं विमान इथे उतरून थांबलं की सगळे एकदम उठतील, डोक्यावरच्या बॅगा ओढायला लागतील. तुम्ही दोघं उठू नका. पट्टे सोडा आणि दार उघडेपर्यंत जरा बसून राहा. आई घाई करेल, तिला सांगा आजीने सांगितलंय. तीही बसेल.

तुम्हाला घ्यायला मी येतेच आहे. जाऊबाईही येणार म्हणतात. आत जाता येत नाही, तिकीट लागतं, असं मी त्यांना सांगितलं.

"आपल्याच घरान जायाला तिकीट?"

मी म्हटलं, "हो, नियम आहे." तेव्हा आम्ही दोघी बाहेर, कठड्याशी उभ्या असू. तुम्ही आत जरा बसून या.